मेंढीची मान कुणी धरायची

"तुम्ही लेकीला मारणार नाही. तसा विचार येतो आणि त्या विचाराचीच तुम्हाला भीती वाटते. हा ओसीडी नावाचा आजार आहे," हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओसीडी म्हणजे नको तो विचार डोक्यात पुन्हा पुन्हा येतो आणि तो घालवायला माणूस तेच ते करत बसतो. मी ढसाढसा रडलो. मी खुनी नव्हतो, आजारी होतो!

आमच्या गावात मेंढ्यांची लोकर कातरावी तर मीच. मेंढीच्या कातड्यावर एक तरी ओरखडा दाखवा, म्हणायचो. एकदा लेक खेळत जवळ आली आणि मनात आलं, ही कातर हिच्या गळ्यावर चालली तर? मग तोच विचार जेवताना, चालताना. मी कातर पेटीत टाकली, लेकीला जवळ घेणं सोडलं. बायकोला, कौसाला, सारखं विचारायचो, "मी काई करनार न्हाई ना?" ती म्हणायची, "न्हाई वो." घडीभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. आईने अंगारे लावून पाहिले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्यांच्या उपचाराचं नाव लांबलचक, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे जिथे भीती वाटते तिथेच बसायचं आणि ती घालवायला काही करायचं नाही. कौसाने 'न्हाई वो' म्हणायचंसुद्धा बंद करायचं.

कौसा भडकली. "माणूस तडफडून राहिला अन् मी गप बसू? काहून?"

"तुमच्या 'नाही'ने त्यांना घडीभरच बरं वाटतं. म्हणून ते परत विचारतात," मॅडम म्हणाल्या.

आधी नुसती कातर मांडीवर घेऊन बसलो. घामाने सदरा भिजला. मग लेक अंगणात खेळत असताना कातरू लागलो. मी विचारलं की कौसा म्हणायची, "मी सांगनार न्हाई." रागाने बोलायचो तिला. ती पदराने डोळे पुसायची, पण बधली नाही. माझ्या बायकोसारखी जिगर मी पाहिली नाही.

एके सकाळी तिने लेकीलाच माझ्यासमोर बसवलं. "तुह्या बापूसाठी मेंढीची मान धर गं, बराबर धर." विचार आला. ओठांवर तोच प्रश्न आला. मी तो गिळला आणि कातर चालवली.

तुमच्या डोक्यात असं काही येत असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. माझा विचार अजूनही कधीमधी येतो, येऊ दे. यंदा साऱ्या गावाची लोकर मी कातरली, आणि मेंढ्यांच्या माना माझ्या लेकीने धरल्या होत्या.