चेहरा वाळला नाही

मागच्या वर्षीचा १६ मे, शुक्रवार. सकाळी दहाला कामाला बसले तेव्हा तीन प्लेटा छापायच्या होत्या. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका गोठ्यासाठी बैलजोडी, एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोटो, आणि तिसरा आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा.

इथं या ग्रुपवर लोक लिहितात ते गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते. खरं सांगते, निम्मे वाचून हसते. स्टुडिओत "फोटोत काहीतरी दिसतंय" म्हणत येणारं गिऱ्हाईक महिन्याला एक तरी असतंच, त्याला मी लेन्सवरचा डाग दाखवते आणि परत पाठवते. म्हणूनच हे लिहायला मला इतके दिवस लागले...

आमचा स्टुडिओ लोहाऱ्यात, तहसीलच्या रस्त्याला. कागदावरचे मोठे फोटो आता कुणी मागत नाही, म्हणून मी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापते. काम अवघड नाही. पत्रा स्पिरिटनं पुसायचा, शाई धरून ठेवणारं लिक्विड ब्रशनं लावायचं, ते रात्रभर वाळू द्यायचं, आणि पत्रा न वाकवता सरळ ओढणाऱ्या इंकजेट प्रिंटरमधून काढायचा. शाई वीस मिनिटांत वाळते, मे महिन्यात दहा. मग वरून लॅकरचा स्प्रे. ओल्या शाईवर स्प्रे मारला तर फोटो गेला, पथ्य एवढं एकच.

मालक त्याच्या सात वर्षं आधी गेले. "गेले" म्हणजे — येडशीला लग्नाची ऑर्डर ठरवून येतो म्हणून निघाले. मोटारसायकल तिथल्या रेल्वे स्टेशनबाहेर सापडली, हँडल लॉक केलेली. माणूस नाही. आम्ही लिंगायत; आमच्यात दहन करत नाहीत, शेतात पुरतात आणि वर चौथरा बांधतात. इथं पुरायला काही नव्हतं. शेवटी घरच्यांनी ठरवलं की नुसता चौथरा बांधायचा आणि त्यावर फोटोची प्लेट लावायची. हट्ट सासूबाईंचा. "माझे डोळे मिटायच्या आत त्याला जागा द्या," म्हणायच्या. मी हरकत घेतली नाही. मलाही ते एकदाचं संपायला हवं होतं.

बैल दहा मिनिटांत वाळले. मुख्याध्यापक वाळले. मालकांचा शर्ट वाळला, मागचा निळा पडदा वाळला. चेहरा वाळला नाही.

लिक्विड कमी पडलं असेल म्हणून, आदल्या रात्री लावून ठेवलेल्या जादा पत्र्यांतला दुसरा घेतला. तेच. तिसऱ्यावर शाई कमी करून, चेहरा लहान करून कोपऱ्यात छापला. तेच. मग वाटलं, चेहऱ्याच्या त्या रंगाचाच काही दोष असेल. दिराचा फोटो होता — दोघे भाऊ एका साच्यातले, रंगसुद्धा तोच — तो त्याच मापात छापला. आठ मिनिटांत खडखडीत. जिवंतपणी आपण चौथऱ्याच्या मापात छापले गेलो हे भावजींना अजून माहीत नाही.

बाराच्या सुमारास त्यांचाच फोन आला.

"वैनी, प्लेट झाली का? सोमवारी सामी येणार हायत पूजेला. गवंडी उद्या सकाळी काम धरतोय."

"शाई वाळत नाही."

"फॅनखाली ठिवा की."

"ठेवली."

"मग उनात ठिवा."

"उन्हातच आहे, भावजी. तास झाला."

"उनात बी वाळंना? बघा बाबा, तुमच्यातलं तुम्हाला माहीत."

जेवायच्या वेळेला सासूबाई मागच्या दारानं दुकानात आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

"काय ग, झाला का न्हाय माझा सिदू?"

"वाळतोय, आत्याबाई."

"सकाळधरनं? पापड घातलेत व्हय?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी प्लेटवरच्या गालावरून हात फिरवला. तीन बोटं तपकिरी झाली. त्या बोटांकडं बघत राहिल्या.

"वला हाय."

"शाई आहे ती."

"कळतंय मला शाई हाय. येडी न्हाय मी." मग खुर्चीत बसत म्हणाल्या, "उनातनं आला की असाच वला असायचा."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. जेवायचं तर हात धुवावा लागला असता. मी चमचा दिला.

"चमच्यानं जेवती व्हय मी कधी?" म्हणाल्या आणि हात मांडीवर उताणा ठेवून बसून राहिल्या.

मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. प्लेट कपाटावर आडवी ठेवली आणि पासपोर्ट फोटोसाठी थांबलेल्या बाईला म्हटलं, मान सरळ करा.

नंतर लिक्विडवाल्या कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, हवा दमट असेल. मे महिन्यात, लोहाऱ्यात! जिवंत आहेत म्हणून ओलं म्हणावं, तर जिवंत दीर वाळला. नाहीत म्हणावं, तर नसलेल्या माणसांचे कितीतरी फोटो मी छापलेत, सगळे वाळले. हिशोब कुठल्याच बाजूनं लागत नाही. परवा, वर्षानं, पुन्हा बोट लावून पाहिलं. बोटाला रंग आला. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा, पण कृपा करून उपाय सांगू नका.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं ते सांगते आणि थांबते. उठले तेव्हा आत्याबाई तशाच बसल्या होत्या, हात उताणा. सातला स्कूटीवर शेतात गेले. गवंडी रहीमचाचा आले होते, चुन्यानं चौकोन आखून झाला होता.

"चाचा, काम थांबवा."

"का वो ताई? खडी, सिमीट, समदं आलंय की."

"प्लेट ओली आहे."

"प्लेट तर शेवटाला लावायची. चौथरा बांधायला काय अडचण हाय?"

त्यांचं बरोबर होतं. सिमेंटच्या गोण्या शेजारच्या शेडात ठेवायला सांगितल्या, आणि चुन्याच्या चारही रेघा चपलेनं पुसून टाकल्या.