रोझेर मिशोंचा लाल बिल्ला

रोज सकाळी माझ्या खालच्या मजल्यावरून आवाज यायचा, "एक, दोन आणि हुप्प!" म्हणजे रोझेर मिशोंनी नातीला पलंगावरून उचलून चाकांच्या खुर्चीत बसवलं. तो ऐकला की मी कॉफी चढवायची. पुढे पुढे त्यांच्या "दोन" आणि "हुप्प"मधलं अंतर वाढत गेलं. एका मार्चमध्ये, जिन्यावर अजून बर्फ होता तेव्हा, "हुप्प" आलंच नाही. मी तशीच खाली धावले. नोएला पलंगावरच होती आणि रोझेर तिच्या शेजारी घाम पुसत बसले होते.

"काही नाही, मादाम बेरूबे," ते म्हणाले. "खुबा रुसलाय."

"खुबा नाही, डॉक्टर रुसलेत. कधीपासून सांगतायत, बदलून घ्या म्हणून."

"बदलून काय घ्या! बुटाची टाच आहे का ती?"

टाचांबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. आमच्या ल्युइस्टन गावात पूर्वी बुटांचे कारखाने होते, तिथे सोळाव्या वर्षापासून ते हाताने बूट शिवायचे. मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि मांडीवर चामडं. कारखाने बंद पडले, तरी त्यांच्या करंगळ्यांवरचे दोऱ्याचे व्रण गेले नाहीत. मोठ्या आवाजाचे, हट्टी आणि मनाने लोण्यासारखे गृहस्थ. बायको लवकर गेली. मुलगी कॅलिफोर्नियाला निघून गेली, ती नाताळला फोन करते. तिची मुलगी नोएला मात्र इथेच, पेपेरजवळ राहिली. आम्हा फ्रेंच बोलणाऱ्यांत आजोबांना पेपेर म्हणतात. नोएलाला जन्मतःच पायांत बळ नव्हतं, डावा हात मुठीत वळलेला असायचा आणि शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ लागायचा. एकेक शब्द ती विहिरीतून बादली ओढावी तसा वर काढायची. डोळे मात्र असे, की तिच्यासमोर मी कधी खोटं हसले नाही.

शस्त्रक्रिया जुलैत ठरली. ऑगस्टपासून नोएलाला उचलायला रोझेरचा पुतण्या येणार होता, पण जुलैभर तो मासेमारीच्या बोटीवर. म्हणजे तीन आठवडे तिला कुठेतरी ठेवायला हवं होतं. अकरा वर्षांची ती पोर आजोबांवाचून एक रात्रही कुठे झोपली नव्हती. ती राहिली नाही, तर शस्त्रक्रिया रद्द. आणि शस्त्रक्रिया झाली नाही, तर पुढच्या हिवाळ्यात "हुप्प" म्हणणारं कोणी उरणार नाही. हे आम्ही दोघं एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो, इतकंच.

आमच्याकडे शाळा सुटली की मुलं तळ्याकाठच्या शिबिरांना जातात. लाकडी खोल्या, होड्या, डास आणि शेकोटी. दरवर्षी गल्लीतली पोरं आपापल्या पेट्या घेऊन निघायची आणि नोएला खिडकीतून हात हलवायची. तिच्यासारख्या मुलांना घेणारीही काही शिबिरं आहेत, हे शाळेतल्या नर्सने सांगितलं, तेव्हा रोझेर आधी रागावले आणि मग म्हणाले, "मादाम, तुमची गाडी कधी मोकळी आहे?"

पहिलं शिबिर समुद्राजवळ होतं. सगळं कसं चकचकीत. पोहण्याच्या तलावात मुलांना अलगद उतरवणारं यंत्र होतं, रात्रंदिवस नर्स होती. टाय लावलेल्या एका तरुणाने रोझेरना खुर्ची दिली आणि विचारलं, "तिला काय काय करता येत नाही, ते जरा सविस्तर सांगा."

रोझेरनी सांगायला सुरुवात केली ती थांबेचनात. चालता येत नाही, बटण लावता येत नाही, मांस बारीक करून द्यावं लागतं, गडगडाट झाला की घाबरते. तो तरुण मान डोलवत होता. नोएला खुर्चीत बसून छताकडे बघत होती.

"फार सुशिक्षित मुलगा," बाहेर आल्यावर रोझेर म्हणाले. मलाही ते शिबिर आवडलं होतं. रात्री नर्स जागी असणार, याहून जास्त काय हवं?

दुसऱ्या शिबिराला फिनाइलचा वास होता आणि मोठ्या खोलीत टीव्ही लावून ठेवला होता. नोएला दारातच म्हणाली, "नको." तिथून आम्ही पाच मिनिटांत निघालो.

तिसरं एका तळ्याकाठी, पाइनच्या झाडांत. चाकांच्या खुर्चीसाठी केलेले फळ्यांचे उतार जुने पण घट्ट होते. रबरी बूट घातलेली, पांढऱ्या केसांची एक बाई खिडकीला डासांची जाळी ठोकत होती. ती मालकीण, डोरा हॅस्केल. तिने आमच्याकडे मान हलवली आणि सरळ नोएलासमोर उकिडवी बसली.

"तुझं नाव काय?"

"तिचं नाव नो..." रोझेर म्हणाले.

बाईंनी हातोडीचा हात वर केला. रोझेर गप्प झाले. आम्ही वाट बघत उभे राहिलो. झाडावर खार कुरकुरत होती. बऱ्याच वेळाने नोएलाने नाव वर काढलं.

"नोएला. बरं. इथे प्रत्येक मुलाला एक काम असतं. कोणी टेबलं पुसतं, कोणी झेंडा चढवतं, कोणी कोंबड्यांना दाणे टाकतं. एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, तो पाव मळतो. तू काय काम करशील?"

रोझेरचा चेहरा लाल झाला. "काम? बाई, ती खुर्चीत आहे, दिसत नाही का?"

"दिसतं ना. म्हणून तर विचारतेय. चालायचं काम मी तिला देणार नाही."

"मी सोळाव्या वर्षी कामाला लागलो. आता हिलाही जुंपायची? मी मुलीला शिबिराला पाठवतोय, कारखान्यात नाही!"

"मिस्टर मिशो, इथे ज्याला काम नसतं तो पाहुणा असतो. पाहुण्यांना पहिल्याच रात्री घरची आठवण येते."

"चला, मादाम," रोझेर म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते एकटेच बोलत होते. रबरी बूट घालून पालकांशी बोलतात का, पायऱ्यांना रंग नाही, कोंबड्या कसल्या पाळतेय! ठरलं, समुद्राकाठचंच. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

"मी. काम."

"हो हो, राणी. घरी गेल्यावर बघू."

घरी गेल्यावर ती तेच म्हणाली. मटार सूप तोंडात घेईना. दुसऱ्या दिवशी रोझेरनी युक्ती केली. ते अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बूट शिवून द्यायचे. त्यांनी दोऱ्याचं रीळ तिच्या उजव्या हातात दिलं. "हे धर घट्ट. तू धरलंस की पेपेरचं काम सोपं होतं."

नोएलाने रीळ बघितलं. मग पेपेरकडे बघितलं. दोरा तिच्या हातातून नाही, दुसऱ्याच रिळातून येत होता. तिने रीळ भिंतीवर फेकलं.

"खोटं," ती म्हणाली.

रोझेर वर माझ्याकडे आले. "मादाम, मी तिला काय काम देऊ? बुटाला एकच शिवण घालायची म्हटली तरी दोन हात लागतात. सांगा ना, तिला येतं काय?"

मी त्यांना कॉफी दिली.

रविवारी आम्ही फ्रेंच प्रार्थनेला गेलो. खुर्चीमुळे आमची जागा नेहमी सगळ्यात मागे, मधल्या वाटेच्या टोकाला. तिथून नोएलाला सगळ्यांच्या पाठी दिसायच्या. दर रविवारी ती बघून बघून एखादं नाव म्हणायची, आणि रोझेर तिला गप्प करायचे. त्या दिवशीही फादर प्रवचनाला उभे राहिले आणि ती म्हणाली, "दुबे. नाही."

"हो गं. दुबे आजारी आहेत. समोर बघ."

"लाल टोपी. नाही."

लाल टोपी म्हणजे लाप्वांतची धाकटी. मी पाहिलं, खरंच नव्हती. रोझेर समोर बघत होते. मग हळूहळू त्यांचं तोंड उघडलं. त्यांनी मला कोपर मारलं.

"मादाम! हे काम आहे का?"

"हळू बोला. प्रवचन चालू आहे."

"ते राहू द्या. आलेले लोक तर कोणालाही दिसतात. हिला न आलेले दिसतात! हे काम आहे की नाही?"

फादर थांबले आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाले, "मिशो, माझं संपलं की तुम्ही बोला."

घरी पोचल्यावर कोटसुद्धा न काढता त्यांनी डोरा हॅस्केलला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. फोनवर ते नेहमीच ओरडून बोलायचे, त्या दिवशी मात्र आवाज मऊ होता.

"बाई, मी मिशो. हो, तोच, ओरडणारा. तुम्ही विचारलं होतं ना... तिला एक येतं. कोण नाही, ते तिला लगेच कळतं."

पलीकडून बाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"पोहता येतं तिला?"

"नाही."

"बरं झालं. मला काठावर असंच माणूस हवंय, ज्याला पाण्यात उडी मारायची घाई नाही."

शिबिराच्या तळ्यावरच्या लाकडी धक्क्यावर एक फळा होता. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने आपला लाकडी बिल्ला लाल बाजू वर करून लावायचा, बाहेर आल्यावर उलटा करून पांढरी बाजू वर आणायची. मधेच शिट्टी वाजली की पाण्यातल्या सगळ्यांनी जोडीदाराचा हात धरून उभं राहायचं आणि लाल बिल्ल्यांशी डोकी जुळवायची. "जीवरक्षक मुलगी मोजतेच," बाई म्हणाल्या. "पण आणखी दोन चांगले डोळे असले, तर मला झोप लागते."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला पोचवून आलो. मी तिच्या प्रत्येक मोज्यावर नाव शिवलं होतं आणि रोझेरनी खुर्चीला नवा चामडी पट्टा. निघताना ती रडली नाही, रोझेर रडले. रात्री काय होतंय, या धास्तीने मी फोनजवळच बसले. फोन आला नाही. ती पहिल्या दोन्ही रात्री रडली होती, हे मला पुढे कळलं. डोरा बाई तिच्या पलंगाशी बसून उद्याच्या पोहणाऱ्या मुलांची नावं वाचून दाखवायच्या. नावं ऐकता ऐकता तिला झोप लागायची.

शस्त्रक्रिया नीट झाली. पाचव्या दिवशी रुग्णालयात गेले, तर रोझेर उशीला टेकून फुगून बसलेले.

"फोन केला होता मी शिबिराला. काय म्हणाली असेल ती रबरी बूटवाली? नोएला कामात आहे म्हणे! आजोबा इथे मरायला टेकलाय आणि हिला वेळ नाही!"

"तुम्ही मरायला टेकलेले दिसत नाही."

"कामात आहे म्हणे," ते पुन्हा म्हणाले. मग नर्स आली, तिलाही सांगितलं. जेवण आणणाऱ्या माणसालाही सांगितलं. "माझी नात कामात असते."

दोन आठवडे झाल्यावर भेटीचा रविवार आला. रोझेरना घरी सोडलं होतं, वॉकर घेऊन चालायचे. माझ्या गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिला आजच घेऊन येऊ. पुष्कळ झालं. उचलायला शेजारचा पोरगा येतो म्हणालाय."

"अजून एक आठवडा आहे."

"घर खायला उठतं, मादाम."

तळ्यावर ऊन होतं आणि पाणी मुलांनी भरलेलं. धक्क्याच्या तोंडाशी, फळ्याशेजारी, नोएला खुर्चीत बसली होती. नाक उन्हाने सोललेलं, गळ्यात शिट्टी. रोझेर वॉकर आपटत धक्क्यावर गेले आणि हात पसरले. नोएलाचा चेहरा उजळला. पण तिने उजवा हात आडवा धरला.

"बिल्ला."

"अगं, मी पेपेर!"

"बिल्ला."

"मी पाण्यात जाणार नाही, नवा खुबा आहे माझा!"

जीवरक्षक मुलगी हसली. "धक्क्यावर आलं की पाहुण्यांनाही लावावा लागतो, सर. तिचाच हट्ट."

रोझेरनी पाहुण्यांचा बिल्ला लाल बाजू वर करून लावला. मग नोएलाने त्यांना जवळ येऊ दिलं. ते तिच्या केसांत तोंड खुपसून बराच वेळ राहिले. नंतर म्हणाले, "चल राणी, आपली पेटी भरू. घरी जाऊ."

नोएलाने पाण्याकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. शब्द वर यायला नेहमीसारखा वेळ लागला आणि या वेळी रोझेर तिच्यासाठी काही बोलले नाहीत.

"नाही. काम. पुढचा रविवार."

त्यांनी मान हलवली. वळले आणि वॉकर टेकत धक्क्यावरून, मग चढावरून गाडीकडे निघाले. मी त्यांच्या शेजारून चालत होते, तोंडाकडे बघायचं टाळत. निम्म्या चढावर पोचलो आणि मागे शिट्टी वाजली. एकदम शांतता झाली. वळून पाहिलं तर पाण्यातली सगळी मुलं जोडीजोडीने हात धरून उभी. पण त्यांना पुन्हा पोहायला कोणी सोडत नव्हतं. नोएलाचा हात फळ्याकडे होता आणि डोळे चढावर.

"सर!" जीवरक्षक मुलीने हाक मारली. "एक लाल जास्त आहे! तुमचा बिल्ला!"

चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेऊन शिव्या द्यायची आमच्या लोकांना जुनी सवय आहे. रोझेरनी त्यातल्या बऱ्याच दिल्या. नन्सनी वळण लावलेल्या हाताने मी त्या लिहिणार नाही. मग तो हट्टी माणूस वॉकर टेकत, पाऊल पाऊल, चढलेला सगळा चढ परत उतरला. मुलं पाण्यात कुडकुडत, हात धरून त्यांची वाट बघत होती, आणि एकही हसलं नाही. ते फळ्याशी पोचले. बिल्ला उलटा केला. पांढरी बाजू वर आली.

नोएलाने फळा वरपासून खालपर्यंत बघितला, मग त्यांना बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

"आता जा, पेपेर," ती म्हणाली आणि शिट्टी फुंकली.