नमुने जमेपर्यंत

रक्तातलं औषध मोजता येतं, हे मला आमचे हे आजारी पडल्यावर कळलं. यांच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. अँटिबायोटिक सलाईनमधून चालू होतं, तरी ताप हटेना. वॉर्डातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "डोस कमी पडतोय असं वाटतं. पण अंदाजाने वाढवला आणि जास्त झाला, तर झटके येतील. आधी रक्तातली पातळी बघू." पुढच्या डोसच्या आधी तिने रक्त काढून खाली लॅबमध्ये पाठवलं.

रिपोर्ट आलाच नाही. ताप चढत राहिला, हे असंबद्ध बोलायला लागले. तेव्हा मीच खाली उतरले.

मी साड्यांचा व्यापार करते. हिंदी मुलखातल्या दुर्गाघाटच्या आमच्या मराठी घरात पोथ्या आणि पूजा. विणकरांच्या दारी बसून घासाघीस करणारी सून मी पहिलीच. सासरची माणसं माझ्या कमाईवर जेवतात आणि माझ्या आवाजाला नाकं मुरडतात.

लॅबच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "माताजी, एक-दो सैंपल पे मशीन नहीं चलती."

"माताजी घर में. कितने पे चलती है, वो बोलो."

"पाँच-छह तो हों. अभी आपका मिला के दो हैं, फ्रीज में रखे हैं."

यंत्र रक्तातली द्रव्यं बारीक नळीतून दाबाने ढकलून वेगळी करतं, म्हणे. पण दर वेळी आधी ठाऊक असलेल्या ताकदीची द्रावणं चालवून ते तपासावं लागतं, तराजू वजनं ठेवून तपासतात तसं. एवढी उस्तवार एकदोघांसाठी कोण करणार?

नणंद बरोबर होत्या. त्यांनी माझा पदर ओढला. "वहिनी, हा बाजार नाही."

"बाजार बरा, वन्सं. तिथे गिऱ्हाइकाला मरेपर्यंत ताटकळत ठेवत नाहीत."

वर जाऊन डॉक्टरणीला विचारलं, बाकीच्या वॉर्डांतून नमुने का येत नाहीत? ती म्हणाली, "रिपोर्ट इतका उशिरा मिळतो की उपयोग नसतो. म्हणून कुणी पाठवत नाही."

माझं डोकंच फिरलं. नमुने येत नाहीत म्हणून यंत्र थांबतं, आणि यंत्र थांबतं म्हणून नमुने येत नाहीत! मध्ये फक्त एक जिना. दोन्हीकडची शिकलेली माणसं एकमेकांकडे बोट दाखवून जेवायला जातात, आणि इथे माझा माणूस तापात भाजतोय.

मग मी माझा धंदा केला. डॉक्टरणीला म्हटलं, "यंत्र आज लागणार, त्यांनी कबूल केलंय. आयसीयूला फोन करा." खाली येऊन खिडकीतल्याला म्हटलं, "सैंपल निकल चुके हैं, मशीन गरम करो." दोन्हीकडे हातात नसलेला माल विकला. दुपारपर्यंत आयसीयूतून नमुने खाली आले आणि यंत्र लागलं.

रिपोर्ट आला. पुढच्या डोसची वेळ होईपर्यंत यांच्या रक्तात औषध जवळजवळ उरतच नव्हतं. डॉक्टरणीने डोस वाढवला, आणि तो भराभर न देता तासन्‌तास हळूहळू सोडायला लावला. ताप उतरायला लागला.

मी खिडकीशी गेले होते ती खरं तर आभार मानायला. सहज विचारलं, आमच्या आधी फ्रीजमध्ये होता तो नमुना कुणाचा?

"वो? वो तो आपके आने से पहले ही चल बसे थे. सैंपल उनका भी चला दिया."

"फिर उनका खून मशीन में क्यों डाला?"

"गिनती पूरी करनी थी न."

मी खिडकीवर हात आपटला. जे तोंडात आलं ते सगळं बोलले, हिंदीत, मग मराठीत. पूर्ण रांग वळून बघत होती. वन्सं शेजारीच उभ्या होत्या. या वेळी त्यांनी पदर ओढला नाही.

हे आता संध्याकाळी माझ्याबरोबर घाटापर्यंत चालत येतात. तिथे नाववाला अर्ध्या भरलेल्या नावेतल्या लोकांना बसवून ठेवतो आणि पायऱ्यांकडे बघून ओरडतो, "बस, दो सवारी और!"

"छोड़ नाव!" मी ओरडते. "अभी के अभी छोड़!"

हे म्हणतात, "अगं, त्या बिचाऱ्याने तुझं काय केलंय?"