बेंबीच्या डाव्या बाजूला

आधी नीलोफर मॅडमचं नाव लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर हे सांगायला मी धड राहिले असते की नाही, माहीत नाही. शिक्षण माझं आठवीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका होतील... सांभाळून घ्या.

भुताखेतावर माझा विश्वास नाही, आजही नाही. आमच्या वाशीमकडे अंगात येणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिल्या. त्यातल्या अर्ध्या सासूचा राग काढायच्या. त्यामुळे मी असलं काही लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो. जळोचीत एक खोली आहे. मी एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये मावशी म्हणून कामाला आहे. पेशंटला गाऊन देणं, टेबलावर नीट झोपवणं, नंतर चादर बदलणं, हे माझं काम. नीलोफर मॅडम तिथल्या टेक्निशियन. त्या इंदापूरच्या, रोज एसटीनं येतात.

गेल्या वर्षी माझ्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. आमच्याच जुन्या मशीनवर स्कॅन केला. मूल व्हावं म्हणून आमची दवाखान्याची धावपळ चालली होती, म्हणून मी हात जोडून म्हटलं होतं, किरणं होतील तेवढी कमी द्या. दिली कमी. पण त्या मशीनचं असं, की डोस उतरवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडापाशी डाग वाटतोय. पण तो खरा की दाण्यांचा भास, हे यावरून सांगता येत नाही. पुन्हा काढावा लागेल."

पुन्हा? मी घाबरून टाळतच राहिले. रात्री हात आपोआप पोटावर जायचा. डाग खरा असला तर? आणि पुन्हा स्कॅन करून मूलच झालं नाही तर?

अशा वेळी माय फार आठवायची. माय म्हणजे माझी आई. आमच्या गावात कुणाची बेंबी सरकली की सगळे मायकडेच यायचे. एरंडेल कोमट करून ती पोट चोळायची, मग बेंबीच्या डाव्या बाजूला अंगठा रोवायची आणि म्हणायची, "दम घे वं बाई... धर... धर... सोड आता." दुखणं थांबायचं. तेलानं की तिच्या हातानं, कोण जाणे. माय जाऊन दोन वर्षं झाली होती.

मग सेंटरला नवं मशीन आलं. मॅडमनं मला स्टुलावर बसवून समजावलं, "ह्याचा डिटेक्टर नवीन हाय संगीता. कमी किरणांतपण फोटो स्वच्छ येतो, दाणे न्हाईत. आता टाळायचं न्हाय." मी चार वेळा तेच विचारलं, त्यांनी चारही वेळा सांगितलं. पाळीच्या हिशेबानं तारीख त्यांनीच काढली. ती नेमकी त्यांच्या रजेत आली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून नको. तर त्या रजेच्या दिवशी इंदापूरहून आल्या!

सकाळचे अकरा वाजले असतील. गाऊन घालून बाकावर बसले, तर शेजारी सणसरचे एक आबा नंबर लावून बसलेले. मागच्या खेपेला त्यांना मीच झोपवलं होतं.

"काय गं, रोज दुसऱ्याला झोपवतीस, आज तूच व्हय?"

"व्हय आबा."

"मला दटावली होतीस, हालू नका म्हणून. आता मी येऊ का आत, दटावायला?"

सगळे हसले. मलाही हसू आलं.

मॅडमनं सुई लावली, गाऊन नीट केला, गाल थोपटला. "मी माइकवरनं सांगते तसा श्वास धर. लेकरासारखी गप पडायचं." त्या बाहेर गेल्या. दार बंद झालं. औषध आत गेलं तशी अंगभर ऊब पसरली. ती औषधाचीच असते, पेशंटला मी स्वतः सांगते. टेबल सरकलं.

आणि कानाशी आवाज आला. "दम घे वं बाई."

मी घेतला.

"धर... धर..."

बेंबीच्या डाव्या बाजूला कुणीतरी अंगठा रोवला. जोर ओळखीचा होता. आधी हलका, मग आत. मला घाबरायलाही झालं नाही. फक्त वाटलं, आता हे संपू नये.

"सोड आता."

सोडला. टेबल मागे आलं. मॅडम धावतच आत आल्या, चेहरा उतरलेला. "अगं, माइकचं बटणच दाबलं नव्हतं मी! नवीन मशीन, घाईत राहिलं. मी आपली काचेआडून बोलतीय, तुला ऐकूच आलं नसणार. सगळा फोटो हालला असणार बघ."

फोटो हलला नव्हता. जरासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले इतका स्वच्छ फोटो इथं पहिल्यांदा बघतोय. स्वादुपिंड नितळ, डाग नाहीच. मी तिथंच रडले.

तुम्ही म्हणाल, रोज ऐकून श्वासाची वेळ पाठ झाली असेल. पण पाठ होती ती जुन्या मशीनची. नवं त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर संपतं, आणि पोटाचा स्कॅन त्यावर मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "संगीता, हितं काय ठेवलं व्हतंस?"

बेंबीच्या डाव्या बाजूला कातडी आत दबलेली दिसत होती. अंगठ्याएवढी.

डॉक्टर म्हणाले, "गाऊनची घडी असेल." मॅडम म्हणाल्या, "घडी न्हाय सर. ह्या मशीनवर कापडपण दिसतं, ही बघा रेघ. कापडसुद्धा खालीच दबलंय." आणि त्या रेघेच्या वर? वर काहीच नव्हतं. नुसता काळा रंग. फोटोत हवा तशीच दिसते.

डॉक्टरांनी रिपोर्टात ते लिहिलं नाही, त्याचा आजाराशी संबंध नाही म्हणाले. बरोबरच आहे. माझ्या पोटावर आधी खड्डा नव्हता, नंतरही नाही. मी आरशासमोर, झोपून, श्वास धरून, सगळं करून पाहिलं. अजून कधी कधी डाव्या बाजूला स्वतःचा अंगठा ठेवते. तो जोर येत नाही.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. मॅडमलाही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आई व्हती तुझी. त्यात काय एवढं?"

माय गेली तेव्हा मला निरोप मिळाला, पण बारामतीहून वाशीम लांब. मी पोचले तोवर लोक स्मशानातून परतले होते. म्हणून मॅडम, हे तुमच्यासाठी लिहून ठेवते. तुमच्या घरी कधी दुखणं आलं — न येवो — तर पहिला फोन मला करा. इंदापूर काय, कुठंही असा. या वेळी मी वेळेवर पोचेन.