शलाकाची परीक्षा आणि माझ्या पायाची बोटं

मला स्कीइंग येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी पेनसिल्व्हेनियातल्या एका बर्फाळ डोंगरावरून मी एकदा खाली आले आहे, तेही आडवी होऊन.

२००४चा हिवाळा. मी साताऱ्याहून येऊन स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत एम.एस. करत होते. शलाका त्याच युनिव्हर्सिटीत होती, पिट्सबर्गच्या माझ्या लांबच्या काकूंची मुलगी. जन्म इथलाच, मराठी सगळं समजायचं, बोलणं इंग्रजीत. शनिवार-रविवार ती स्की पेट्रोलवर असायची, म्हणजे उतारावर पडलेल्यांना प्रथमोपचार करून घसरगाडीतून खाली आणायचं, बिनपगारी. आता तिला वरच्या दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं. काकूंना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. "यंदा पास झाली तर ठीक, नाहीतर बास," असं त्यांनी बजावलं होतं.

परीक्षेला खोटा पेशंट लागतो. "ताई, यू जस्ट हॅव टू लाय देअर अँड मोन," शलाका म्हणाली. कण्हणं मला जमण्यासारखं होतं, म्हणून निघाले.

पहाटे पाचला निघालो. अल्टूना, जॉन्सटाउन, मग सॉमरसेटकडे. छापलेले नकाशे माझ्या मांडीवर आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आम्हा दोघींच्या मध्ये. नीट असेल तर अडीच तासांचा रस्ता, आम्हाला बर्फामुळे साडेतीन लागले. वाटेतल्या डायनरमध्ये चार डॉलरला अंडी, बटाटे आणि हवी तेवढी कॉफी मिळाली. शलाकाने काही खाल्लं नाही, नुसती हाडांची नावं पुटपुटत होती. मला तिची फार माया वाटली.

जाणाऱ्यांसाठी कळकळीची सूचना: मोजे लोकरीचेच घाला. मी साताऱ्याहून आणलेले सुती मोजे एकावर एक तीन चढवले होते. स्वतःला फार शहाणी समजत होते.

परीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक गंभीर आजोबा. त्यांनी मला कार्ड दिलं: डावा गुडघा दुखतोय, मनगटही मोडलंय, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मग खड्या उताराच्या माथ्यावर झोपवलं. शलाकाचा नंबर यायला अर्धा तास गेला. बोटं आधी झोंबली, मग झोंबायची थांबली. मला वाटलं, बरं झालं.

शलाका आली. गुडघा बांधला, मनगट बरोबर शोधून काढलं, मला घसरगाडीत घेऊन पट्टे आवळले. आता फक्त तो उतार उतरायचा होता. तेवढ्यात तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "अजून काय होते?"

"काही नाही गं," मी म्हणाले. तिची परीक्षा चालू असताना माझ्या पायाचं काय कौतुक सांगायचं?

ती थांबलीच. "माय मॉम सेज काही नाही. इट्स नेव्हर काही नाही." तिने माझा बूट काढला. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. मी चोळायला गेले तर माझ्यावर ओरडली, जॅकेट उघडून माझे पाय थेट आपल्या पोटावर घेतले आणि परीक्षकांना म्हणाली, "धिस इज रिअल. आय ॲम स्टॉपिंग."

"हा उतार उतरली नाहीस तर आज पास करता येणार नाही," ते म्हणाले.

"अगं, उतर ना! मी मरत नाहीये!" मी विनवलं. तिने ऐकलं नाही. पाय कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तिने गाडी मागच्या सोप्या वाटेने नेली, कारण प्रथमोपचाराची खोली त्या बाजूला होती. मी पूर्ण वाट रडत होते.

घरी पोचल्यावर फोन वाजला, तो मीच घेतला.

"झाली का पास?" काकू.

"नाही. माझ्यामुळे." मग सगळं सांगितलं. आता 'बास' येणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा कधी असते परीक्षा?"

"मार्चमध्ये."

"मग त्या गाडीत मी झोपते. विचार तिला, पंच्याऐंशी किलो चालतील का."

माझी बोटं आठवड्याभरात ठीक झाली. थंडीत अजून झिणझिणतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. मार्चमध्ये माझ्या थीसिसचं डिफेन्स होतं, जाता आलं नाही. पण शलाकाने पाठवलेला फोटो अजून माझ्याकडे आहे: खडा उतार, नारिंगी पट्ट्यांत करकचून बांधलेल्या काकू डोळे गच्च मिटून, आणि पुढे दांडे धरलेली त्यांची लेक.