कप्तानांचा पांढरा कोट

आमच्या जहाजावर प्रवाशांना पोहायला तलाव आहे, नाचायला हॉल आहे, आणि सगळ्यात खाली, पाण्याच्या पातळीखाली, आमची लॉन्ड्री आहे. तिला खिडकी नाही. बाहेर हवा कशी आहे ते आम्हाला मळक्या कपड्यांवरून कळतं. त्या दिवशी सकाळपासून तलावावरचा एकही टॉवेल खाली आला नव्हता आणि वर भोंगा थांबून थांबून ओरडत होता. म्हणजे धुकं पडलं होतं, आणि तेही चांगलंच दाट.

मी कपडे वाळवायच्या यंत्रावर असतो. शेजारी इस्त्रीच्या टेबलावर आत्या. कोणाची आत्या ते विचारू नका, सगळ्या जहाजाचीच. नवरा लवकर गेला. घरोघरचे कपडे इस्त्री करून तिनं एकुलत्या एका मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावलं. मुलगी समुद्रापलीकडे सासरी गेली आणि हिला घर खायला उठलं, म्हणून या वयात जहाजावरची नोकरी धरली. कामाला वाघ, बोलायला त्याहून मोठी वाघ. सकाळी माझी यंत्रं आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकदमच सुरू होतात. यंत्रं निदान मध्ये बंद तरी पडतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या बंदराला लागणार होतो, तेच तिच्या मुलीचं सासर. तिथे नात झाली होती आणि आत्यानं तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मागच्या खेपेला वादळामुळे जहाज त्या बंदराला न लागताच पुढे गेलं, तेव्हा आत्या कितीतरी दिवस गप्प होती. तिच्या बडबडीनं माझं डोकं उठतं हे खरं, पण ते गप्प बसणं मला सोसवलं नाही.

बंदर लागणार की नाही हे ओळखायची आम्हा लॉन्ड्रीवाल्यांची एक खूण आहे. बंदरातले अधिकारी जहाजावर येतात तेव्हा कप्तान पांढरा कोट घालतात, एरवी निळा. तो पांढरा कोट आदल्या दिवशी खाली आला की बंदर नक्की समजायचं. वरच्या सूचनांवर आमचा काडीचा विश्वास नाही, कोटावर आहे.

त्यामुळे आत्याचे डोळे दिवसभर दाराला लागलेले. चादरी आल्या, नॅपकिन आले, वेटरांच्या पांढऱ्या कोटांची ढकलगाडी आली. तिनं सगळ्यांवर इस्त्री फिरवली. कप्तानांचा कोट काही आला नाही. दर वेळी लिफ्ट वाजली की ती मला बघून यायला सांगायची. शेवटी मी वैतागून म्हणालो, कोट काय स्वतःच्या पायांनी चालत येणार आहे का? नातीसाठी शिवलेली झबली तिनं इस्त्री करून हाताशी ठेवली होती, ती उचलून पुन्हा पिशवीच्या तळाशी घातली. मग मी उगाचच यंत्राचा जाळीचा कप्पा साफ करत बसलो.

संध्याकाळी कप्तानांच्या केबिनची व्यवस्था पाहणारा माणूस तणतणत खाली आला. कोट कुठे आहे म्हणे, सकाळीच पाठवला होता. आम्ही म्हणालो, आलाच नाही. बरीच हमरीतुमरी झाल्यावर उलगडा झाला. घाईत असलेल्या या गृहस्थांनी कोट वेगळ्या पिशवीतून न पाठवता वाटेत दिसलेल्या वेटरांच्या ढकलगाडीत टाकला होता. धुवायच्या आधी खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आणि पितळी बटणं काढून घ्यायची रीत आहे. तेवढं काढलं की कप्तान काय आणि हेडवेटर काय, कोट सारखेच. आत्यानं तो स्वतःच्या हातांनी इस्त्री करून जेवणाच्या हॉलमध्ये पाठवून दिला होता.

मी धावत वर गेलो. हेडवेटर आपली बटणं लावून, पोट आत ओढून, त्या कोटात मोठ्या रुबाबात फिरत होता. आज कोट अंगावर काय बसलाय, असं सगळ्यांना सांगतही होता. बाहीवर टोमॅटो सूपचा हा एवढा डाग.

कोट काढून घेऊन मी खाली आणला, तेव्हा डाग बघून केबिनवाल्याचं तोंड उतरलं. आत्यानं मात्र कोट छातीशी धरला आणि त्याला विचारलं, "साहेबांनी हा पाठवला, तेव्हा धुकं होतं का?"

"होतं की. पण बंदरावरून निरोप आला, तिकडे लख्ख ऊन आहे. साहेब म्हणाले, सावकाश जाऊ, पण जाऊ."

आत्या स्टुलावर बसली. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसायला लागली. त्या डागाला तिनं कोणालाही हात लावू दिला नाही. स्वतः चोळून काढला, आणि तेवढ्या वेळात आम्हा सगळ्यांना लेकुरवाळीनं काय खावं यावर भाषण दिलं.

सकाळी धक्क्यावर खरंच ऊन होतं. आत्याची पिशवी घेऊन मी बरोबर उतरलो. मुलगी लेकीला कडेवर घेऊन उभी होती. वाटभर आत्या काय काय बोलायचं ते ठरवत आली होती. तिथे पोहोचली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. समोर ही अनोळखी बाई बघून पोरीनं ओठ काढले आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. आत्यानं पुढे केलेले हात खाली घेतले.

"आई, बोल ना काहीतरी," मुलगी म्हणाली. "जहाजावरून तुझा चेहरा कधी दिसलाय तिला? फोनवरचा आवाजच ओळखते ती तुझा."

आत्यानं घसा खाकरला. "सोन्या," ती म्हणाली, "मी आले गं."

पोरीनं मान वर केली. आवाज कुठून आला ते बघितलं, आणि आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे टाकून तिच्याकडे झेपावली.