नलूताईंच्या संगणकातली वाइन

पांढरकवड्याला आमच्या संस्थेचं हापिस एका कापड दुकानाच्या माडीवर होतं. दोन हजार सहा-सातचा काळ. कपाशीनं दगा दिलेला, गावोगावची माणसं खचलेली. आम्ही दर महिन्याला चार पानांचं वार्तापत्र काढायचो. त्यात बियाणं, कीड, बाजारभाव आणि मन मोडलं तर कुणाशी बोलायचं, हे असायचं. मी, शाम राठोड, गावं हिंडून मजकूर आणायचो. नलूताई मेश्राम तो संगणकावर बसवायच्या.

नलूताईंच्या नवऱ्याला दारूनं नेलं होतं. त्यानंतर त्या यवतमाळला भावाकडे राहून टायपिंग शिकल्या, वर्ड शिकल्या. उरलेला वेळ दारूबंदीच्या बायकांबरोबर जायचा. वर्डवर हात असा बसलेला, की माझ्याशी गप्पा चालू असल्या तरी बोटं थांबत नसत.

मग कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि संगणक बंद पडला. संस्थेचे प्रमुख धर्मपाल सर यांनी त्यातलं विंडोज काढून फुकट मिळणारं लिनक्स टाकून घेतलं. त्यात लिहायचा वेगळा प्रोग्राम होता. पण जुनं वार्तापत्र उघडलं, तर चार पानांची पाच झाली आणि जोडाक्षरं फुटली. छापखानेवाला तर वर्डचीच फाइल घेणार.

नलूताई खुर्चीत मागे रेलल्या. "शामभाऊ, दुसऱ्याच्या सैपाकघरात उभं केल्यासारखं वाटून राह्यलं मले. तिखटमिठाचा डबाच सापडत नाही."

त्यांचा भाचा राजदीप नागपूरला संगणक दुरुस्तीचं काम करायचा. रविवारी तो आला.

"मावशी, वर्डची विकतची सीडी आहे ना तुमच्यापाशी? मंग लिनक्समधीच चालवू. फक्त वाइन टाका लागन."

नलूताईंचे हात थांबले. "काय टाका लागन?"

"वाइन."

"ह्या हापिसात? राजू, काहून असं बोलून राह्यला?"

"प्यायची नाही वं मावशी! प्रोग्रामचं नाव आहे ते. वर्डले वाटते, आपण विंडोजमधीच आहो. अन् चालते बिचारं."

मी हसलो. नलूताई हसल्या नाहीत. "नाव बदलता येत नाही का त्याचं?"

ते काही बदलता येत नव्हतं. पण राजदीपनं पडद्यावरच्या वर्डच्या चित्राखाली लिहून दिलं, 'नलूताईचं वर्ड'. जुना फॉन्ट आत आला, जोडाक्षरं जुळली, पानं पुन्हा चार झाली. मधेच खिडकी गोठायची, मजकूर जायचा. म्हणून नलूताई प्रत्येक वाक्य संपलं की सेव्ह करायच्या आणि तोंडानं हळूच म्हणायच्या, "राहू दे बाप्पा."

त्याच वर्षी झरी जामणीकडच्या एका गावात बायकांचं मतदान लागलं. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आम्ही खास अंक काढायचं ठरवलं. पहिल्या पानावर मोठी आडवी बाटली हवी होती. नलूताईंनी उभ्या बाटलीचं चित्र पानात घेतलं, ते फिरवायला गेल्या, की वर्ड बंद पडायचं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद.

"आडवी व्हायलेच तयार नाही, शामभाऊ," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

मी राजदीपला फोन लावला. तो म्हणाला, "वर्डमधी फिरवूच नका. लिनक्सच्या चित्रांच्या प्रोग्राममधी फिरवा, अन् आडवी झाली की मंग आत आणा."

तसं केलं. बाटली निमूट पानावर निजली. नलूताईंनी पडद्यावर तिच्यावरून बोट फिरवलं. "आमच्या घरची अशी निजली असती तं..." एवढंच म्हणाल्या.

अंकांचे गठ्ठे मी एसटीनं नेले. मतदानाच्या दिवशी नलूताईही आल्या. कोलाम, गोंड, बंजारा बायका शेतातली कामं टाकून रांगेत उभ्या होत्या. आमच्या तांड्याकडची म्हातारी सोनीबाई पदरातला अंक काढून पुढच्या बाईला दाखवत होती, "हीच ना? निजलेली?"

संध्याकाळी निकाल आला. बाटली आडवी झाली होती. बायकांनी एकच गलका केला. नलूताई हापशीपाशी गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या, कितीतरी वेळ.

पुढे निधी आटला, संस्था बंद झाली. नलूताई आता बोरी अरबला बहिणीकडे असतात. तिथल्या बुद्धविहाराच्या खोलीत मुलींना टायपिंग शिकवतात.

मला आठवतात त्या माडीवरच्या दुपारी. छापायला देण्याआधी त्या माझा मजकूर मोठ्यानं वाचायच्या. एकदा मी 'आई'ऐवजी 'याडी' लिहून गेलो होतो.

"याडी म्हंजे?"

"आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. खोडून टाका, ताई."

"कायले खोडू? तुमची आई आहे ते," असं म्हणून त्या पुढे वाचू लागल्या. खाली हैदराबादकडचे ट्रक हॉर्न देत जात होते. त्या आवाजातही मला माझी ओळ न ओळ ऐकू येत होती.